आयरिश स्थलांतरिताचं चरित्र जमिनीच्या कागदांतून कसं उभं करावं

टेरेन्स ऑब्री मरे यांचा जन्म १८१० मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकला झाला. १८२७ मध्ये ते ऑस्ट्रेलियात सिडनीला आले, तिथे जमीनदार झाले आणि पुढे न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेचे सभापती. अशा माणसाचा शोध मृत्युलेखापासून घेऊ नका, त्यात नुसती पदं असतात. आधी जमीन धरा.

सुरुवात ऑस्ट्रेलियातच करा. डब्लिनचं सरकारी अभिलेखांचं दफ्तर १९२२ मध्ये जळलं, त्यात आयर्लंडची बहुतेक जुनी जनगणना गेली. न्यू साउथ वेल्सची १८२८ ची जनगणना मात्र शाबूत आहे. नावापुढचं 'सीएफ' म्हणजे स्वखुशीने आलेला, 'जीएस' म्हणजे मालकाकडे कामाला दिलेला कैदी. जमीन कोणाच्या घामावर पिकली, ते या दोन अक्षरांवरून कळतं.

मग प्रत्येक तुकड्याचं वर्ष बघा. १८३१ पूर्वी जमीन फुकट मिळे, पण भांडवल बघून: दर ५०० पौंडांमागे ६४० एकर, जास्तीत जास्त २५६०. त्यानंतर लिलाव सुरू झाले, किमान बोली एकरी ५ शिलिंग. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण विकत घेतलेल्या जमिनीच्या सनदेलाही 'ग्रँट'च म्हणत. किंमत लिहिलेली असेल तर ती खरेदी समजा. १८३६ पासून वर्षाला १० पौंडांच्या परवान्यावर मिळणारी कुरणं मालकीची नव्हेत. ती एकरांच्या बेरजेत धरू नका.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. मरेंनी १८३७ मध्ये भागीदारीत घेतलेलं यारालुम्ला (आजच्या कॅनबेरातली मोठी जमीन) तिथे 'यारोलुम्ला' असंही छापलंय, तेव्हा दोन्ही स्पेलिंगांनी शोधा. त्या भागातला मरे परगणा मात्र टेरेन्स मरेंच्या नावाचा नाही, तो ब्रिटिश वसाहतमंत्री सर जॉर्ज मरे यांच्या नावाचा. आणि ही जमीन मुळात नन्नावल या आदिवासी लोकांची होती, हे सनदेत कुठेही दिसणार नाही. चरित्रात ते यायलाच हवं.

राजकारण यानंतर घ्या. १८४३ च्या कौन्सिलात, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या कायदेमंडळात, ३६ पैकी २४ सदस्य निवडून येत, आणि उमेदवाराकडे २००० पौंडांची स्थावर मालमत्ता लागे. मरे त्याच वर्षी निवडून आले. पण त्या वर्षांत लोकरीचे भाव कोसळले होते, चरबीसाठी मेंढ्या उकळल्या जात होत्या. म्हणून नुसते एकर मोजून श्रीमंती ठरवू नका, गहाणखतंही काढून बघा. खरेदीदाराचं नातंही तपासा: यारालुम्ला १८५९ मध्ये मरेंच्या मेव्हण्याकडे गेलं.