बोन स्कॅनचा रिपोर्ट हातात आल्यावर

कॅन्सर हाडांत पसरलाय का हे पाहायला बोन स्कॅन करतात, पण त्यात गाठ दिसतच नाही. दिसते ती हाडाची डागडुजी. शिरेतून दिलेलं टेक्नेशियम-एमडीपी हे किंचित किरणोत्सर्गी औषध नवं हाड तयार होतंय तिथे साचतं, आणि २ ते ४ तासांनी फोटो काढतात. म्हणून भरत आलेलं फ्रॅक्चर, झिजलेला गुडघा किंवा नुकताच काढलेला दात यांचेही डाग उमटतात. हे सगळं टेक्निशियनला आधीच सांगा, नाहीतर रिपोर्टमध्ये उगाच शंका लिहिली जाते.

इंजेक्शननंतर भरपूर पाणी प्या (किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून) आणि फोटोच्या अगदी आधी लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयामागे कंबरेखालची हाडं झाकली जातात. कपड्यावर सांडलेला लघवीचा थेंबही मांडीच्या हाडावरचा डाग वाटू शकतो. अशा वेळी कपडा बदलून, त्वचा पुसून पुन्हा फोटो काढायला सांगा.

बरगड्यांवर एकाखाली एक ओळीने ठिपके असतील तर बहुधा पडल्याचा मार असतो. एकाच बरगडीच्या लांबीने गेलेला पट्टा जास्त संशयास्पद. एकुलता एक डाग असेल तर स्पेक्ट-सीटी (बोन स्कॅन आणि सीटी एकत्र) किंवा एमआरआय करून घ्या. उपचार त्यावरच ठरणार असतील तर बायोप्सीबद्दल विचारा.

'नॉर्मल' रिपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नका. मायलोमा (अस्थिमज्जेतला कॅन्सर) हाड पोखरतो, पण डागडुजी जवळपास होतच नाही, त्यामुळे स्कॅन स्वच्छ येऊ शकतो. एक्स-रे तर आणखी मागे: हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्यावरच खड्डा दिसतो. दुखणं रात्री वाढत असेल तर एमआरआयबद्दल विचारा. आणि रिपोर्टमध्ये 'किडनी दिसत नाहीत' असं असेल तर जरूर विचारा; आजार सगळ्या हाडांत पसरला की इंजेक्शनचं सगळं औषध तीच ओढून घेतात आणि वरवर पाहता फोटो छान दिसतो.

सगळ्यात जास्त घोटाळा उपचारांनंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये होतो. औषध लागू पडल्यावर हाड भरू लागतं, त्यामुळे पहिल्या ३ महिन्यांत डाग वाढलेले दिसू शकतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या औषध-चाचण्यांमध्ये म्हणूनच पहिल्या स्कॅनमधले नवे डाग लगेच धरत नाहीत. किमान ६ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून आणखी २ नवे डाग दिसले, तरच आजार वाढला म्हणतात. तोवर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि दुखणं पाहायचं, औषध घाईने बदलायचं नाही.

पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर मात्र बोन स्कॅनची तारीख घेत बसू नका. त्याच दिवशी संपूर्ण मणक्याचा एमआरआय लागतो.