येझदीचा पांढरा धूर आणि एक ऑइल सील (माझा अनुभव)

पप्पांची येझदी २५० मोटरसायकल, ११ वर्षं गोठ्यात पडून होती, मी याआधी प्लग बदलण्यापलीकडं काही केलेलं नव्हतं. इंजिनचं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) खोललं, सिलिंडरला ओरखडे, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून (सिलिंडर आतून घासून थोडा मोठा करून) नवीन पिस्टन घातला. येझदीसारख्या टू स्ट्रोक इंजिनात पिस्टनवरच्या रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं बरोबर त्या पिनवर बसवायची, नाहीतर टोक पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) अडकून रिंग तुटते, हे मात्र शंभरदा तपासा.

गाडी चालू झाली पण धूर पांढरा दाट, आणि गिअर ऑइल आठवड्यात कमी. बाहेर गळती कुठंच नाही. मग लक्षात आलं की क्लच बाजूचं क्रँकचं सील (ऑइल अडवणारं रबरी कडं) गेलंय, पिस्टन वर जाताना क्रँककेसमधी (इंजिनच्या खालच्या बंद भागात) व्हॅक्यूम होतो आणि ते ऑइल आत ओढून जळतंय. इतकी वर्षं उभी राहून रबर पार कडक झालेलं.

परत इंजिन उतरवलं, क्रँककेस उघडली. केसचे दोन भाग स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, अॅल्युमिनियमला खाच पडली की तिथनं हवा ओढणार. दोन्ही सील, बेअरिंग, पॅकिंग सगळं नवीन. पहिले ५०० किमी पेट्रोलमध्ये लिटरला ५० मिली ऑइल टाकलं, आता ४० वर आलोय.

धूर गेला. पप्पांनी स्वतः किक मारली, तोच किकचा दांडा पुढं घेऊन गिअर टाकला आणि रंकाळ्याला चक्कर मारून आले.