टाइमझोनचा डेटा अपडेट करायला घेताय? मग हे आधी वाचा

आमच्याकडे, लातूर-नांदेडच्या कॉलेजांमधली मुलं ओपन सोर्सला (कुणीही बघावा, सुधारावा असा खुला कोड) सुरुवात करायची म्हटलं की रीडमीमधलं एखादं स्पेलिंग दुरुस्त करतात आणि मोकळी होतात. त्यातून शिकणं फारसं होत नाही, मुलाखतीत सांगण्यासारखंही काही उरत नाही. मी त्यांना दुसरं काम सुचवतो: तारीख-वेळेच्या एखाद्या लायब्ररीतला (म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडमधला) टाइमझोनचा डेटा, कुठं घड्याळ किती पुढंमागं चालतं तो, ताजा ठेवायचा. मी नांदेडला घरी बसून हे काम बरीच वर्षं करतोय. परभणीच्या एका ज्युनिअरला ते दिलं तर म्हणाला, "दादा, नुसती फाइलच तर बदलायची, ह्यात मी काय शिकायलोय?" फाइल खरंच स्क्रिप्ट बदलते. तिच्यात काय बदललं ते वाचायला मात्र माणूस लागतो, आणि सगळं शिक्षण तिथंच आहे.

जगभरातल्या घड्याळांचे नियम एका सार्वजनिक डेटाबेसमध्ये असतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो उभा केला, पुढं पॉल एगर्ट यांनी सांभाळला, आणि 2011 पासून तो आयाना या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेकडं आहे. (त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका ज्योतिष सॉफ्टवेअरवाल्या कंपनीनं या दोघांवर दावा ठोकला होता; 2012 मध्ये मागं घेतला.) लिनक्स, जावा, पायथन, सगळे शेवटी इथूनच घेतात. आवृत्तीला वर्ष आणि अक्षर असं नाव असतं: 2024ए, 2024बी. वर्षाला किती येतील याचा नेम नाही; 2022 मध्ये गाडी जीपर्यंत गेली होती. सातबाऱ्यावर फेरफार चढतो तसला प्रकार आहे. जमीन जागची हलत नाही, आदेश आला की नोंद बदलते. आणि आदेश काढणारी सरकारं तुमच्या रिलीजचं वेळापत्रक बघून काढत नाहीत.

एक फेरफार जवळून बघू. कझाकस्ताननं 1 मार्च 2024 पासून सगळा देश यूटीसी+5 वर (जागतिक प्रमाण वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, पाच तास पुढं) आणला. ही नोंद असलेली 2024ए आली 1 फेब्रुवारीला, म्हणजे हातात जेमतेम महिना. तिथलं सगळ्यात मोठं शहर अल्माटी तोवर +6 वर होतं. 29 फेब्रुवारीच्या मध्यरात्री तिथलं घड्याळ एक तास मागं, रात्री अकरावर आलं. त्यामुळं त्या रात्रीचे साडेअकरा दोनदा वाजले, तेही लीप वर्षाच्या जादा दिवशी. टेस्ट (कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहायला यापेक्षा चांगला क्षण कुठं मिळणार? यूटीसी 17:59:59 ला अल्माटीत 23:59:59 आलं पाहिजे, आणि पुढच्याच सेकंदाला 23:00:00, तारीख अजून 29 च. मग लायब्ररीला "29 फेब्रुवारी, 23:30" दिलं तर ती दोन्हींपैकी कोणतं धरते तेही तपासा. ही टेस्ट जुन्या डेटावर नापास आणि नव्यावर पास झाली, तरच अपडेट खरंच पोचला म्हणायचं. नुसता आवृत्तीचा आकडा वाढलेला बघून मी पुल रिक्वेस्ट (कुणी पाठवलेला बदलाचा प्रस्ताव) मर्ज करत नाही, म्हणजे सामावून घेत नाही. जुन्या आणि नव्या डेटावर झेडडंप (झोनमधले घड्याळबदल छापून दाखवणारा प्रोग्राम) चालवून दोन्हींचा डिफ, म्हणजे फरक, काढायचा. आवृत्तीबरोबर येणाऱ्या न्यूज फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच हललं पाहिजे.

घाई किती करायची, हे लेबननकडून शिकावं. मार्च 2023 मध्ये तिथल्या सरकारनं उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढं करणं) जवळपास महिनाभर पुढं ढकलली, आणि ते जाहीर केलं अवघे दोन-तीन दिवस आधी. 2023बी लगेच निघाली. इकडं देशात चर्चनं आणि काही वाहिन्यांनी निर्णय मानलाच नाही. एका शहरात दोन वेळा चालू. शेवटी सरकारनं माघार घेतली आणि 28 मार्चला 2023सी आली, ज्यात सगळं पुन्हा 2023ए सारखं. बी उचलून सी विसरलेल्या लायब्ररीची अवस्था तुम्हीच ओळखा. म्हणून डेटाच्या पुल रिक्वेस्टमध्ये फक्त डेटा असावा. त्यातच कोडची साफसफाई घुसवली की उलटवायच्या वेळी पंचाईत होते.

आपल्याकडच्या मुलांना एक अडचण हमखास येते. लॅपटॉप एशिया/कोलकातावर (डेटाबेसमधलं भारताच्या झोनचं नाव), इथं घड्याळ पुढंमागं होत नाही, त्यामुळं घरच्या मशीनवर सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसतं. टीझेड व्हेरिएबल (मशीननं कुठला टाइमझोन धरायचा ते सांगणारी सेटिंग) बदलून टेस्ट चालवायची सवय लावा: न्यूयॉर्क, काठमांडू (तिथं यूटीसीच्या पावणेसहा तास पुढं), आणि मोरोक्कोचं कासाब्लांका, जे रमजानपुरतं एक तास मागं जातं. भारतात घड्याळ कधी हललंच नाही असं वाटत असेल, तर 1943 ची एखादी तारीख कोलकाता झोनमध्ये टाकून बघा. साडेपाचऐवजी साडेसहा तास दिसतील. युद्धकाळात घड्याळं तासभर पुढं होती. मुंबईची जुनी 4 तास 51 मिनिटांची वेळ मात्र शोधू नका. 1970 नंतर ज्यांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच इथं वेगळा झोन मिळतो.

झोनची जुनी नावं काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. 2022बी मध्ये युरोप/कीएव्हचं युरोप/कीव झालं, पण जुनं नाव लिंक म्हणून, म्हणजे नव्या नावाकडं नेणारं, चालूच आहे. एशिया/कलकत्ताही तसंच. लोकांच्या डेटाबेसमध्ये ती नावं वर्षानुवर्षं साठलेली असतात.

आणि लायब्ररीत अपडेट झाला म्हणून वापरणाऱ्याकडं पोचला असं नाही. डेटा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतो, भाषेच्या रनटाइममध्ये (प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेत) असतो, पॅकेजमध्येही असतो. पायथनचं झोनइन्फो (टाइमझोन हाताळणारा त्याचा भाग) आधी सिस्टिमचा डेटा शोधतं, तो नसेल तरच टीझेडडेटा पॅकेजकडं वळतं. म्हणजे तुम्ही पॅकेज ताजं केलं तरी जुन्या लिनक्स सर्व्हरवर जुनंच उत्तर येणार. "तुमचा अपडेट चालत नाही" अशी तक्रार आली की कोड उघडण्याआधी समोरच्याला विचारा: डेटा कुठल्या जागेवरून वाचला जातोय, आणि त्याची आवृत्ती कोणती? बहुतेक वेळा प्रकरण तिथंच मिटतं. मिटलं नाही तर ती अल्माटीची टेस्ट त्याच्या मशीनवर चालवायला सांगा.