उलांडी ओलांडायची नाही

आमच्याकडे हवाईतल्या ओआहू बेटावर पाहुणे आले की त्यांना एकदा तरी वाआत बसायचं असतंच. वाआ म्हणजे इथली उलांडीची होडी. आपल्या कोकणात असते तशीच, बाजूला तरंगता ओंडका जोडलेली. त्या ओंडक्याला इथे 'आमा' म्हणतात आणि तो डावीकडे असतो. वल्हं धरायला मी पाण्यावर शिकवते. होडीपाशी वागायचं कसं, ते मात्र घरूनच शिकून या.

वाळूवर टेकलेली वाआ ओलांडायची नाही. तुमची बाटली हातभर पलीकडे असली तरी वळसा घालूनच जा. मी पहिल्याच दिवशी टांग टाकली होती. आमच्यातले एक म्हातारे अंकल (इथेही वडीलधाऱ्यांना अंकल-आंटीच म्हणतात) काही बोलले नाहीत, हवेत बोटाने नुसता गोल काढला. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, असं आजी म्हणायची. मला पुढचं विचारावं लागलं नाही.

जुन्या वाआ कोआच्या एकाच खोडातून कोरायच्या. कोआ म्हणजे बाभळीच्या गोतातलं झाड. ते पाडलं की कारागीर-पुजारी, कहुना, एलेपायो नावाच्या चिमुकल्या पक्ष्यावर नजर ठेवायचे. तो पक्षी म्हणजे होडी घडवणाऱ्यांची देवी लेआ. खोडावर चोच मारत रेंगाळला की आत कीड, खोड बाद. न टोचता चालत गेला की कामाला लागायचं. पक्षी किडेच खातो, तेव्हा देवीची परीक्षा पक्कीच! आता बहुतेक होड्या फायबरग्लासच्या. तरी नवी आली की तिला नाव ठेवतात, टीच्या पानांनी पाणी शिंपडतात (टी हे झाड, चहा नव्हे).

निघण्याआधी सगळे हात धरून गोल करतात आणि 'पुले' म्हणजे प्रार्थना होते. शब्द येत नसतील तर गप्प उभे राहा, फोन आत ठेवा. भांडण असेल तर ते वाळूवरच मिटवा. आमच्या होडीत शिवी चालत नाही.

सहा जण बसतात. पहिला ताल धरतो, सहावा दिशा सांभाळतो. वल्ह्याचे बारा-चौदा फटके झाले आणि 'हट' ऐकू आलं की बाजू बदलायची तयारी. उजवीकडे कलू नका. आमा उचलला गेला की 'हुली', म्हणजे होडी पालथी. फोटोवाले नेमके उजवीकडेच का वळतात, देव जाणे.

परत आल्यावर गोड्या पाण्याची नळी आधी वाआवर धरा, मग स्वतःच्या पायांवर.