थंडी वाजते, भीती वाटते: हिंदीभाषकाला मराठी जोड्या शिकवताना

‘मला भीती लागते’, ‘पाऊस होतोय’, ‘फोटो खेचला’. शब्द मराठी, नाम-क्रियापदाची जोडी हिंदी. ‘डर लगता है’मधलं लागणं तसंच उचललं जातं, कारण ‘भूक लागली’, ‘तहान लागली’ इथे ते बरोबर बसतं. म्हणून लागणे, येणे, वाटणे अशी क्रियापदांची यादी पाठ करायला देऊ नका. पुढच्या आठवड्यात सगळी एकमेकांत मिसळतात. नामाला धरून चला.

वहीत रोज पाचच जोड्या, एकाच प्रसंगातल्या. आजारपण घेतलं तर: ताप आला, सर्दी झाली, चक्कर आली, ठसका लागला, औषध घेतलं. वाक्य भूतकाळातच लिहायचं, म्हणजे लिंगही सोबत पाठ होतं. हिंदीत ‘चक्कर आया’, ‘मज़ा आया’. मराठीत चक्कर आली, मजा आली. नुसतं ‘चक्कर येणे’ लिहिलं की हा फरक दिसतच नाही. दोन दिवसांनी क्रियापदावर हात ठेवून वाचायला सांगा, मग आठवड्याने पुन्हा. अडलेली जोडी दुसऱ्या दिवसाच्या पाचांत घ्या.

काही नामं मात्र एकटीच दिवसभर पुरतात. झोप घ्या. झोप आली, म्हणजे डोळे मिटायला लागले. झोप लागली, म्हणजे माणूस झोपला. झोप झाली, म्हणजे पुरेशी मिळाली. कुणी मध्येच उठवलं तर झोप मोडली, आणि काळजीने ती उडते. ‘काल झोप आली नाही’ आणि ‘काल झोप झाली नाही’ यांतला फरक कळला की अर्धं काम झालं.

स्वयंपाकघरातल्या जोड्या ओट्यापाशीच शिकवा, कारण तिथलं क्रियापद म्हणजे बहुतेकदा हाताची हालचालच असते: पोळी लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात, चकल्या पाडतात, डोसे घालतात. शिकणारा सगळीकडे ‘बनवणे’ वापरतो. चुकीचं नाही, पण पानात आलेला पदार्थ कसा झाला हे त्यातून कळत नाही. (शिवाय मराठीत माणसालाही बनवतात.)

चूक झाली की थांबवून नियम सांगू नका. ‘मला थंडी लागते’ म्हटलं की ‘थंडी वाजतेय? खिडकी लावू?’ एवढंच बोला. ‘चहा टाकते’ ऐकून मात्र समोरचा दचकला तर लगेच सांगा, ओतून देत नाहीये, आधण ठेवतेय.