घरगुती वस्तू आणि वीजनियंत्रण : पेटंटचा दस्तऐवज कसा वाचावा

डिमर, चार्जर, इंडक्शन शेगडी किंवा ‘वीज वाचवणारे’ खोके यांच्या वेष्टनावर ‘पेटंटप्राप्त’ असे छापलेले असते. त्यापुढे कधी क्रमांक असतो, कधी नुसतेच ते शब्द असतात. ग्राहक त्यावरून वस्तू चांगली आहे असा अर्थ काढतो आणि तो तसा काढला जावा, हीच छापणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्षात पेटंट कार्यालय इतकेच तपासते की, अर्जात मांडलेली कल्पना नवी आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नव्हती ना आणि तिचा काही व्यावहारिक उपयोग आहे का. उपकरण समोर ठेवून त्याने किती युनिट वाचवले हे तिथे कोणी मोजत नाही आणि शॉक बसतो की नाही याची चाचणीही घेत नाही. चालते प्रतिरूप आणून दाखवा, असे अमेरिकेचे पेटंट कार्यालय सहसा सांगत नाही. त्याला ठळक अपवाद आहे तो शाश्वत गतियंत्राच्या, म्हणजे ऊर्जा न घेता कायम चालणाऱ्या यंत्राच्या, अर्जांचा, आणि तो योग्यच म्हणायला हवा.

त्यामुळे ‘पेटंट आहे का’ या प्रश्नावर न थांबता ‘पेटंट नेमके कशावर आहे’ हे पाहावे लागते. त्याचे उत्तर दस्तऐवजातच असते आणि तो सर्वांना विनामूल्य वाचता येतो. युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स या तीन ठिकाणी बहुतेक काम भागते. पुढे नमुना म्हणून एकच दस्तऐवज वारंवार घेतला आहे : अमेरिकेचे पेटंट क्रमांक ४०५२६४८. ते नासाच्या मार्शल अंतराळ उड्डाण केंद्रातील अभियंता फ्रँक नोला यांच्या शोधावर ४ ऑक्टोबर १९७७ रोजी मंजूर झाले. एसी इंडक्शन मोटरसाठी पॉवर फॅक्टर नियंत्रण प्रणाली, असा त्याचा विषय आहे; पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा. वीज वाचवणाऱ्या उपकरणांच्या जाहिरातींत ‘नासाचे तंत्रज्ञान’ असे शब्द येतात तेव्हा त्यांचा रोख बहुधा याच शोधाकडे असतो, म्हणून सरावासाठी तो चांगला आहे.

सुरुवात क्रमांकापासून करावी. क्रमांकाच्या आधीची दोन अक्षरे देश किंवा कार्यालय सांगतात : यूएस म्हणजे अमेरिका, ईपी म्हणजे युरोपीय कार्यालय, डब्ल्यूओ म्हणजे पेटंट सहकार्य कराराखालील आंतरराष्ट्रीय अर्ज. यातली शेवटची दोन अक्षरे विशेष लक्षात ठेवावीत, कारण ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ नावाची वस्तू अस्तित्वातच नाही. डब्ल्यूओ क्रमांकाचा दस्तऐवज हा केवळ प्रसिद्ध झालेला अर्ज असतो आणि मंजुरी प्रत्येक देशात किंवा प्रादेशिक कार्यालयात वेगळी मिळवावी लागते. क्रमांकाच्या शेवटी येणारे अक्षर आणि अंक दस्तऐवजाचा प्रकार सांगतात. अमेरिकेत २००१ पासून ‘ए१’ हा प्रसिद्ध झालेला अर्ज असतो, तर ‘बी१’ किंवा ‘बी२’ हे मंजूर पेटंट असते. अर्ज साधारणपणे पहिल्या तारखेपासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मग तो पुढे मंजूर होवो वा न होवो. वर्षाचे चार अंक आणि त्यापुढे सात अंक अशा रचनेचा अमेरिकी क्रमांक वेष्टनावर दिसला, तर तो अर्जाचा आहे, पेटंटचा नव्हे, हे तिथल्या तिथे ओळखता येते.

अमेरिकी क्रमांकाआधी ‘डी’ हे अक्षर असेल, तर ते डिझाइन पेटंट असते. घरगुती वस्तूंवर छापलेल्या क्रमांकांत ते पुष्कळदा सापडते आणि वाचकाची सर्वाधिक फसगत तिथेच होते. डिझाइन पेटंट फक्त दिसण्याला संरक्षण देते. त्यात एकच दावा असतो आणि सगळा आशय आकृत्यांत असतो. सलग रेषांनी काढलेला भाग संरक्षित असतो. तुटक रेषांनी काढलेला भाग केवळ संदर्भासाठी असतो. स्विचच्या पट्टीवरच्या गोलाईला मिळालेले डिझाइन पेटंट आतल्या विद्युतमंडळाबद्दल (सर्किटबद्दल) अक्षरही सांगत नाही.

पहिल्या पानावर कंसात दोन अंकी सांकेतिक क्रमांक दिसतात. ते जगभर सारखेच असल्यामुळे जपानी किंवा कोरियन दस्तऐवजाचेही पहिले पान भाषा न येता वाचता येते. २२ म्हणजे अर्ज दाखल केल्याची तारीख, ३० म्हणजे अग्रक्रमाचा तपशील, ५१ म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, ५४ शीर्षक, ५७ सारांश, ७१ अर्जदार, ७२ संशोधक आणि ७३ म्हणजे ज्याच्याकडे हक्क आहेत ती व्यक्ती किंवा संस्था. यांतली अग्रक्रमाची तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. १८८३ च्या पॅरिस करारानुसार एका देशात अर्ज केल्यापासून १२ महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केला, तर पहिलीच तारीख धरली जाते. शोध नवा होता की नाही हे त्या तारखेच्या आधी जगात काय माहीत होते यावर ठरते.

शीर्षक आणि सारांश यांवर मात्र विसंबून राहू नये. शीर्षके मुद्दाम ढोबळ ठेवलेली असतात. मायक्रोवेव्हने अन्न शिजवण्याबद्दलचे पर्सी स्पेन्सर यांचे १९५० मधले अमेरिकी पेटंट २४९५४२९ ‘अन्नपदार्थांवर प्रक्रिया करण्याची पद्धत’ अशा नावाने आहे. गळती प्रवाहावर वीज तोडणाऱ्या उपकरणाचे चार्ल्स डॅल्झिएल यांचे १९६५ मधले पेटंट ३२१३३२१ ‘लघु विभेदी सर्किट ब्रेकर’ या शीर्षकाखाली नोंदलेले आहे. दुकानातल्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती यांपैकी काहीच लागणार नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे वर्गीकरण, म्हणजे शोधाच्या विषयानुसार पेटंटला दिलेले सांकेतिक वर्ग. दिव्यांच्या नियंत्रणासाठी एच०५बी मधले ४५ आणि ४७ हे गट, एसी-डीसी किंवा तत्सम रूपांतरासाठी एच०२एम, वीजपुरवठा व बॅटरी चार्जिंगसाठी एच०२जे, मोटर नियंत्रणासाठी एच०२पी, संरक्षक मंडळांसाठी एच०२एच, स्विचसाठी एच०१एच, स्वयंपाकघरातल्या उपकरणांसाठी ए४७जे, धुलाई यंत्रांसाठी डी०६एफ. एक ओळखीचे पेटंट सापडले की त्याचे वर्ग टिपून घ्यावेत आणि त्या वर्गात अर्जदाराचे नाव किंवा एखादा तांत्रिक शब्द घालून शोधावे. नुसत्या शब्दांनी तासभर केलेल्या शोधापेक्षा या मार्गाने दहा मिनिटांत अधिक हाती लागते.

आता मुख्य काम. दस्तऐवजाच्या शेवटी (युरोपीय आणि जुन्या अमेरिकी दस्तऐवजांतही तिथेच) क्रमांकित वाक्ये असतात. ती म्हणजे दावे. मालकाचा हक्क तिथे लिहिलेल्या शब्दांइतकाच असतो. वर्णनात कितीही सुंदर गोष्टी असल्या, तरी दाव्यात न आलेली गोष्ट संरक्षित नसते. प्रत्येक दावा हे एकच लांबलचक वाक्य असते, आणि ते सरळ वाचून डोक्यात शिरत नाही, यात वाचकाचा दोष नाही. कागद घ्यावा, पहिला दावा घ्यावा आणि अर्धविरामांवर तोडून त्याचे घटक एकाखाली एक लिहावेत.

नोला यांच्या पहिल्या दाव्याचे असे तुकडे केले की साधारण चार घटक हाती येतात. पहिला, मोटरच्या वेटोळ्याच्या मंडळात बसवलेला आणि त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाशी सुसंगत संकेत देणारा भाग. दुसरा, त्याच वेटोळ्याला मिळणाऱ्या विद्युतदाबाशी (व्होल्टेजशी) सुसंगत संकेत देणारा भाग. तिसरा, या दोन संकेतांमधला फेजचा फरक, म्हणजे एक दुसऱ्याच्या किती मागे पडतो ते, ओळखणारा भाग. चौथा, तो फरक वाढला की प्रत्येक आवर्तनात वीज चालू राहण्याचा काळ कमी करणारा आणि फरक घटला की तो वाढवणारा भाग.

घटक वेगळे झाल्यावर आकृत्यांकडे जावे. आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो आणि तोच क्रमांक वर्णनात येतो. आपल्या यादीतल्या प्रत्येक घटकापुढे तो क्रमांक लिहिला की, दाव्यातला मोघम वाटणारा ‘नियंत्रक भाग’ म्हणजे प्रत्यक्षात ट्रायॅक (एसी प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि त्याला स्पंद देणारे मंडळ आहे, हे दिसू लागते. यानंतर वर्णन वाचले तर ते निम्म्या वेळात समजते. आधी वर्णन आणि मग दावे, हा क्रम दमवणारा आहे.

यामागचे विज्ञान थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. इंडक्शन मोटरवर भार नसला, तरी तिचे चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी प्रवाह वाहतच राहतो. अशा वेळी प्रवाह दाबाच्या बराच मागे पडतो. हा कोन समजा ८० अंश असला, तर पॉवर फॅक्टर ०.१७ येतो, भार चढल्यावर कोन ३० अंशांवर आला, तर तो ०.८७ होतो. रिकामी फिरणारी मोटर काम करत नसली, तरी तिचा लोखंडी गाभा आणि तांब्याची तार तापत राहते. फेजचा फरक हीच भाराची मोजपट्टी मानून नोला यांनी रिकाम्या मोटरचा प्रभावी दाब ट्रायॅकने कमी केला, म्हणजे ही उष्णतेची नासाडी घटली. भार आला की फरक आपोआप घटतो आणि पूर्ण दाब परत मिळतो. ज्या मोटरा बराच वेळ हलक्या भारावर फिरतात त्यांनाच याचा फायदा होतो. पूर्ण भारावर चालणाऱ्या पंपाला होणारा फायदा नगण्य असतो. दिवा, गीझर किंवा इस्त्री यांचा तर इथे प्रश्नच उद्भवत नाही.

आता दाव्यांची यादी समोर ठेवून हातातली वस्तू तपासावी. नियम असा की दाव्यातला प्रत्येक घटक, किंवा त्याचा समतुल्य, वस्तूत असला पाहिजे. एक जरी नसला, तरी वस्तू त्या दाव्याबाहेर पडते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये नुसते खोचायचे, हिरवा दिवा लागणारे खोके घ्या. ते घरातल्या इतर उपकरणांना समांतर जोडले जाते. फ्रिजच्या मोटरचा प्रवाह त्या खोक्यातून जातच नाही, म्हणजे पहिला घटक गळाला. जो प्रवाह खोक्यातून जात नाही तो चालू-बंद करणेही त्याला शक्य नाही, म्हणजे चौथा घटकही गळाला. आत पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर असेल, तर त्याने तारांमधला प्रतिघाती (काम न करता नुसता ये-जा करणारा) प्रवाह थोडा कमी होतो, पण घरगुती मीटर सहसा किलोवॅट-तास म्हणजे सक्रिय ऊर्जाच मोजतो आणि बिलात उल्लेखनीय फरक पडत नाही. अशा खोक्यावर नोला यांच्या शोधाचा दाखला असला, तर दाव्याच्या चार ओळींनीच तो खोडला जातो. त्यासाठी ते फोडून पाहण्याचीही गरज पडत नाही.

पहिल्या दाव्यानंतर ‘दावा १ प्रमाणे, ज्यात…’ अशा सुरुवातीचे अवलंबून दावे येतात. ते पहिल्या दाव्यात एकेक भर घालून व्याप्ती अरुंद करत जातात. कायद्याच्या दृष्टीने ते माघारीच्या फळ्या असतात : पहिला दावा न्यायालयात पडला, तरी अरुंद दावा टिकू शकतो. अभ्यासकाला मात्र त्यांतून कंपनी प्रत्यक्षात काय बनवते याचा बरा अंदाज येतो. ‘स्वतंत्र’ दावे एकापेक्षा अधिक असू शकतात, म्हणून सगळे क्रमांक चाळावेत. यंत्रासाठी एक आणि पद्धतीसाठी दुसरा अशी विभागणी नेहमीची आहे.

शेवटचा टप्पा म्हणजे पेटंट जिवंत आहे का हे पाहणे. आज सर्वसाधारण मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. अमेरिकेत ८ जून १९९५ पूर्वीच्या अर्जांना जुना नियम लागत असे आणि तो मंजुरीपासून १७ वर्षांचा होता. मुदतीआधीही पेटंट मरते, कारण ते टिकवण्यासाठी शुल्क भरावे लागते. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी असे हप्ते असतात आणि न खपणाऱ्या वस्तूंची पेटंटे यांतल्या एखाद्या टप्प्यावर सोडून दिली जातात. त्यामुळे तारखा मोजून थांबू नये, संकेतस्थळावरचा ‘कायदेशीर स्थिती’ हा भागही उघडावा. तिथेच ‘कुटुंब’ या नोंदीखाली इतर देशांतली त्याच शोधाची पेटंटे दिसतात. ज्या देशात कुटुंबातले एकही पेटंट मंजूर झालेले नाही आणि अर्जही प्रलंबित नाही, त्या देशात तो शोध सर्वांना मोकळा असतो.

नोला यांचे पेटंट १७ वर्षांच्या नियमाने ४ ऑक्टोबर १९९४ रोजी संपले. त्यातली आकृती, मंडळ आणि पद्धत आता कोणालाही वापरता येते आणि स्वतःच्या मोटरसाठी असे मंडळ बांधू पाहणाऱ्याला त्याहून चांगले प्रारंभिक वाचन क्वचितच मिळेल. मात्र पुढच्या काळात इतरांनी केलेल्या सुधारणांवर वेगळी पेटंटे असू शकतात. ती शोधण्यासाठी संकेतस्थळावर दस्तऐवजाच्या पानावरची ‘उद्धृत करणारे दस्तऐवज’ ही यादी उघडावी, नव्या तारखेपासून मागे यावे आणि प्रत्येकाचा पहिला दावा याच रीतीने तोडून पाहावा.