स्थलांतराविषयीचा जनमत कौल कसा वाचावा

आकड्याआधी प्रश्न वाचा. ‘स्थलांतरित कमी यावेत का?’ आणि ‘परदेशी परिचारिका कमी याव्यात का?’ यांना एकच माणूस वेगवेगळी उत्तरं देऊ शकतो. पहिल्यात डोळ्यांसमोर गर्दी येते, दुसऱ्यात रुग्णालय. मग नमुना पाहा. १,००० जणांच्या यादृच्छिक पाहणीत आकडा साधारण ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून ५१ विरुद्ध ४९ला बहुमत म्हणू नका.

सार्वमताचं तसं नाही; तिथे नमुना नसतो, पडलेली मतंच मोजतात. २०१४ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या बाजूने ५०.३ टक्के मतं पडली आणि तरतूद थेट राज्यघटनेत गेली.

धोरण ठरवणं हा देशाचा हक्कच, पण १९५१चा निर्वासित करार मान्य केलेल्या देशाला निर्वासिताला जिवाच्या धोक्यात परत धाडता येत नाही. अपवाद फार थोडे. हे सांगणारं त्या कराराचं कलम ३३ आधी वाचा.